हिरवी चकती, लाल चकती

ब्राझीलच्या त्या हॉटेलात वाढपी सळईवरचं भाजलेलं मांस ताटात कापून घालतच होते. मी दोन्ही हात ताटावर आडवे धरले, पोटावरून हात फिरवला, तरी पुढची सळई हजर. शेवटी एका वाढप्याने हसत टेबलावरची हिरवी चकती उलटली. खालून ती लाल होती. हिरवी म्हणजे वाढा, लाल म्हणजे पुरे. त्यानंतर कुणी फिरकलं नाही, कुणी रुसलंही नाही. जन्मभर आग्रहाच्या पंगतीत जेवलेला मी, हुश्श करून खुर्चीला टेकलो. नको म्हणणं इतकं सोपं असतं?

"ही चकती मावशीकडे नेऊया," मी बायकोला म्हणालो.

"ने की. मावशी ती बाजूला सारतील आणि तिच्या जागी जिलबी वाढतील."