आई आणि मोबाईलमधली बाई

माझी आई शाळेत गेलेली नाही. सही करते, बसचा रंग आणि पाटीवरच्या अक्षरांची ठेवण बघून गाडी ओळखते, पण वाचत नाही. साकोलीजवळच्या आमच्या गावात तिचं आयुष्य धानाच्या रोवणीत आणि कापणीत गेलं. बाबा वारल्यावर मी तिला जवाहरनगरला आमच्या क्वार्टरमध्ये आणलं. मी फॅक्टरीत कामाला, बायको जवळच्या शाळेत शिक्षिका, मुलगी नागपूरला हॉस्टेलवर. दिवसभर आई घरात एकटी. सकाळी विहारात जाऊन आली की तिला करायला काही उरायचं नाही. म्हणून मी माझा जुना मोबाईल दुरुस्त करून तिला दिला आणि माईकचं चिन्ह दाखवलं.

"इथं बोट दाब आन् बोल. जे पायजे ते विचार."

"पण आयकते कोण?"

"कंपनी आयकते."

"कोनती कंपनी? तुह्या फॅक्टरीएवढी हाय का?"

"लय मोठी हाय, आई. साऱ्या दुनियेत हाय."

"आन् तिले माह्यासंग बोलाले येळ हाय?" असं म्हणून ती हसली.

त्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही. तुमच्याही खिशात ती असणारच. माझी तिची पहिली भेट भंडाऱ्यात आयटीआयला असताना झाली, बसस्टँडजवळच्या एका सायबर कॅफेत. पांढऱ्या पडद्यावर एक रिकामी चौकट होती. मित्र म्हणाला, काहीही विचार. मी माझ्या गावाचं नाव टाकलं, तर त्याच नावाचं दुसऱ्याच राज्यातलं गाव आलं. पुढे काही वर्षांनी आमच्या गावची बोडी, म्हणजे गावतळं, आकाशातून काढलेल्या फोटोत दिसायला लागली. मी ती बाबांना दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पाणी आटलेलं दिसून राहिलं. उन्हाळ्यातला फोटो होय."

नंतर त्या कंपनीचं एकेक काही घरात येत गेलं. ऑफिसची पत्रं, लग्नाचे फोटो, मुलीचा अभ्यास, भाजीवाल्याचे पैसे. पूर्वी भंडाऱ्याजवळच्या कारधा गावी कोणाच्या घरी जायचं असलं की पुलाजवळ उतरून पानठेल्यावर विचारायचो. तिथला माणूस आधी "कोनाकडचे तुम्ही?" म्हणायचा, मग रस्ता सांगायचा. आता कोणी कोणाला विचारत नाही. हा बदल कधी झाला तेही मला सांगता येणार नाही.

आईने मोबाईल लवकर आत्मसात केला. अडचण होती ती भाषेची. "पाऊस काहून नाई येऊन राहिला?" असं तिने विचारलं की भलतंच काहीतरी यायचं. मग तिच्या लक्षात आलं, रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईसारखं बोललं की त्याला बरोबर समजतं. तेव्हापासून तिने मोबाईलसाठी वेगळी भाषा ठेवली. डोक्यावरचा पदर सारखा करायची, मोबाईल तोंडासमोर धरायची आणि सावकाश म्हणायची, "उद्या पाऊस येणार आहे का?" उत्तर बाईच्या आवाजात यायचं, म्हणून आई तिला 'बाई'च म्हणायची. आम्ही दोघं स्वयंपाकघरात तोंड दाबून हसायचो.

एका रविवारी दुपारी मी मागच्या अंगणात कूलर साफ करत होतो. बायको बाजारात गेली होती. आईला वाटलं असावं, मीही गेलो. खिडकीतून तिचा तो बातम्यांचा आवाज आला.

"गाठ आली तर काय करावे?"

मोबाईलमधून एक माणूस हिंदीत सांगू लागला, दोरीची गाठ कशी मारायची, ओझं कसं बांधायचं.

"ते नाई वं बाई," आई म्हणाली. पुन्हा बोट दाबलं. "अंगात गाठ आली तर काय करावे?"

या वेळी काय आलं ते मला नीट ऐकू आलं नाही. मग अगदी सावकाश, एकेक शब्द वेगळा करत तिने विचारलं, "बाईच्या छातीत गाठ आहे. दुखत नाही. ती कशाची असते?"

बाई वाचू लागली. उद्या ऊन पडणार हे ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात तिने कर्करोग हा शब्द उच्चारला. आईने मोबाईल बंद केला.

माझ्या हातात कूलरची ओली जाळी होती. ती खाली ठेवायचंही सुचलं नाही. आत जावं, तर काय बोलावं? आई आणि मुलगा या गोष्टी बोलतात असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. तिला ताप आला तरी ती आधी सुनेला सांगायची. मी अंगणातच थांबलो. बायको पिशवी घेऊन आली तशी तिला फाटकाशीच गाठून सगळं सांगितलं.

तिने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणूनच. किती दिवस झाले, त्यांच्या पोलक्याला हळदीचा वास येते. मी विचारलं त म्हणाल्या, खांदा दुखते."

तो हळदीचा लेपही मोबाईलनेच दाखवला होता, हे नंतर कळलं. आईने आधी एकदा गाठीवर काय लावावं ते विचारलं होतं, तेव्हापासून तसलेच व्हिडिओ आपोआप तिच्यापुढे येत होते. कोणी लेप सांगे, कोणी काढा. आई ते मन लावून बघत होती आणि आम्हाला वाटत होतं, ती भजनं ऐकते.

बायकोने तिला आत नेऊन विचारलं. आईने सरळ नाही म्हटलं. मग मीच गेलो. ती पलंगावर बसली होती. मी खाली, तिच्या पायाशी बसलो.

"आई, मी अंगणात होतो. मी आयकलं."

तिने मान फिरवली. "मोठ्यानं बोलल्याशिवाय त्या बाईले समजत नाई," ती म्हणाली. "वाचता आलं असतं त कोनालेच कळलं नसतं."

"कळलं हे बरं झालं. तू आमाले काहून नाई सांगितलं?"

"तुमाले सांगितलं असतं त तुमी घाबरले असते. ते बाई घाबरत नाई."

बायकोने तिच्या पाठीवर हात ठेवला. "उद्या भंडाऱ्याले जाऊ, आई. डॉक्टरही बाईच आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. बसमध्ये आई खिडकीशी बसली. मी मागच्या सीटवर बसून मोबाईल काढला आणि तेच शोधू लागलो. सगळ्यात वाईट तेच आधी समोर येत होतं. भंडारा येईपर्यंत मी इतकं वाचलं होतं की हात गार पडले होते. आमच्या घरात सगळ्यात जास्त शिकलेली माझी बायको. तिने मागे वळून पाहिलं आणि काही न बोलता माझ्या हातातून मोबाईल काढून आपल्या पर्समध्ये टाकला.

डॉक्टरबाई तिशीतल्या होत्या. मी दाराबाहेरच थांबलो, पण पडदाच होता, आवाज येत होता. मला वाटलं होतं, आई लाजेल, गोल गोल बोलेल, सुनेकडे बघेल. तिने एका दमात सांगितलं, "डाव्या छातीत गाठ आहे. दुखत नाही. वरचे कातडे हलते. रोवणी झाल्यापासून आहे." तीच मोबाईलची भाषा. त्या बाईला विचारता विचारता शब्द तयार झाले होते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, किती चांगलं सांगितलं तुम्ही. बाया मले सांगतच नाही, मलेच इचारावं लागते."

त्यांची ती बोली ऐकून आईचा आवाज एकदम बदलला. "अवं माय, तू आमच्याकडचीच होय का?" आणि मग ती आपल्या भाषेत धडाधडा बोलू लागली. झोप नाही, जेवण जात नाही, नातीचं लग्न बघायचं राहिलं, सगळं. आत बायको रडत होती की हसत होती, मला कळलं नाही.

सोनोग्राफी झाली. सुई घालून गाठीतलं थोडं काढलं आणि तपासायला नागपूरला पाठवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, मला साधी वाटते, पण रिपोर्ट आल्याशिवाय बोलणार नाही.

ते मधले दिवस वाईट गेले. मी काही विचारत नव्हतो, तरी माझ्या मोबाईलवर कॅन्सर हॉस्पिटलच्या जाहिराती येऊ लागल्या. क्रिकेटचा स्कोअर बघायला गेलं तरी त्या खाली उभ्याच. बसमध्ये मी जे शोधलं ते मी विसरायला बघत होतो, मोबाईल विसरत नव्हता. फॅक्टरीत मोबाईल आत नेता येत नाही, तो गेटवर जमा करावा लागतो. एरवी मला त्याचा कंटाळा यायचा. त्या दिवसांत मी तो खिडकीतून आत सरकवला की मोकळा श्वास घ्यायचो.

रिपोर्ट घ्यायला पुन्हा तिघंच गेलो. या वेळी डॉक्टरबाईंनी मलाही आत बोलावलं. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि आईकडे बघून म्हणाल्या, "काई नाई, मावशी. चरबीची गाठ होय. कॅन्सर नाई. काढाचीही गरज नाई. सहा महिन्यांनी या, मी पाहीन."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "पक्कं?"

"पक्कं."

"मंग हळद लावू का नको?"

"हळद भाजीत टाका."

आई इतक्या मोठ्याने हसली की बाहेरच्या बाया आत डोकावल्या. बायको खुर्चीत तशीच बसून होती. मी तिला उठवायला हात दिला तेव्हा कळलं, तिचाही हात माझ्यासारखाच गार होता.

दवाखान्यातून निघाल्यावर आई म्हणाली, भूक लागली. किती दिवसांनी तिच्या तोंडून हा शब्द आला होता. आम्ही बसस्टँडच्या समोर तर्रीच्या तिखट रश्श्याबरोबर आलूबोंडे खाल्ले. तिने आणखी एक मागून घेतला आणि आपल्या तर्रीत माझी तर्री ओतून घेतली. बायकोने मुलीला फोन लावला. तिला आम्ही काहीच कळवलं नव्हतं, म्हणून ती आधी चिडली, मग रडली. आई फोन हातात घेऊन तिला समजावत राहिली, "अवं मी बरी हाय ना, रडतं कायले?"

मोबाईल आईने सोडला नाही, आणि मीही तिला सोड म्हटलं नाही. अजून ती पावसाचं विचारते, सकाळी बुद्धवंदना लावते. लेप आणि काढ्याचे व्हिडिओ येतात, तेव्हा बायकोला हाक मारून ते काढून टाकायला सांगते. दुखलं-खुपलं मात्र आता आम्हाला सांगते, थोडं जास्तच सांगते. परवा मी डबा घेऊन निघालो होतो, फॅक्टरीची बस कोपऱ्यावर दिसत होती, आणि ती दारात उभी राहून गुडघा कुठून कुठपर्यंत ठणकतो ते सांगू लागली. बस गेली. मी डबा खाली ठेवला आणि पायरीवर बसून सगळं ऐकून घेतलं.