कायद्यात नसलेल्या दलाची बायको

मार्ला टीग आमच्या गावात आली ती नवऱ्याच्या बदलीमुळे. ग्लेनची नेमणूक गावाबाहेरच्या लष्करी तळावर झाली होती. ती केस कापणारी, आणि मला माझ्या सलूनमध्ये एक हात हवाच होता. पहिल्या दिवशी तिने माझेच केस कापून दाखवले. मी म्हटलं, "सोमवारपासून ये."

केस कापायला लायसन्स लागतं, पण सैनिकाच्या बायकोचं दुसऱ्या राज्यातलं लायसन्स आमच्याकडे चालतं. तसा कायदाच आहे, आणि अशा बायका मी आधीही ठेवल्या होत्या, म्हणून मी निर्धास्त होते. पण राज्याच्या राजधानीतून लायसन्सच्या कचेरीचा फोन आला. कायद्यात भूदल, नौदल, हवाई दल, मरीन आणि तटरक्षक दल अशी नावं होती. ग्लेन अंतराळ दलात.

"अहो, तो आधी हवाई दलातच होता," मार्ला फोनवर सांगत होती. "नवीन दल निघालं तेव्हा त्यांची अख्खी तुकडी तिकडे गेली. खुर्ची तीच, काम तेच. फक्त छातीवरची पट्टी बदलली."

पलीकडची बाई गोड बोलत होती, पण कायद्यात दलाचं नाव नाही म्हणजे नाही. मार्लाने एकतर इथल्या केस कापायच्या शाळेत जाऊन पुन्हा परीक्षा द्यायची, नाहीतर कायदा बदलायची वाट बघायची.

तिने वाट बघायचं ठरवलं. केस धुवायलाही लायसन्स लागतं, त्यामुळे टॉवेल, फोन आणि झाडू एवढंच तिच्या वाट्याला आलं. मी कुणाचे केस कापत असले की ती मागे उभी राहून बघायची, आणि तिची बोटं नुसतीच हलायची.

आमचे आमदार वॉल्टर प्रुइट माझ्याकडेच केस कापून घेतात. बीटाची शेती करणारा साधा माणूस. त्यांच्या कानावर मी सगळं घातलं.

"एक नाव घालायचं ना? अर्ध्या तासाचं काम," ते म्हणाले. "जानेवारीत अधिवेशन आहे. तुम्ही या बोलायला, मार्लाबाई."

बर्फातून गाडी हाकत आम्ही दोघी राजधानीला गेलो. विधानसभेच्या समितीतल्या एकाने विचारलं, "तुमचे यजमान वर जातात का हो? रॉकेटमधून?" बाकीचे हसले.

"नाही, साहेब. बिनखिडकीच्या खोलीत बसून उपग्रहांवर नजर ठेवतात. घरी आले की पाठ धरली म्हणून कुरकुरतात."

समितीने होकार दिला. मग कुणीतरी त्याच विधेयकाला सैनिकांच्या शिकारीच्या परवान्याचं कलम जोडलं, दुसऱ्याने हरकत घेतली, सगळे हरणांवरून भांडत बसले आणि अधिवेशन संपलं. आमच्याकडे विधानसभा वर्षाआड भरते.

"पुढच्या खेपेला नक्की," वॉल्टर म्हणाले.

"तोवर मी काय करू?"

ते टोपी घालून निघाले.

मार्लाने शाळेत नाव घातलं. लेकीच्या वयाच्या पोरींत बसून तिने रबरी मुंडक्यांचे केस कापले. कात्री कशी धरायची ते शिकवणारी दाखवायची आणि ही मान डोलवायची. घरी गेली की सगळा राग ग्लेनवर निघायचा. "तुमच्या त्या साहेबांना नवं दल काढून वेगळा संसार थाटायची एवढी घाई काय होती?" त्या बिचाऱ्याला तरी कुणी विचारलं होतं? शेवटी ती पास झाली आणि लायसन्स भिंतीवर लागलं.

पुढच्या अधिवेशनात विधेयक बिनविरोध मंजूर झालं. कुणी तोंडही उघडलं नाही. वॉल्टर मुद्दाम सांगायला आले. "गव्हर्नर सही करतील तेव्हा फोटोत तुम्ही हव्यात."

"त्या दिवशी माझी गिऱ्हाइकं आहेत," ती म्हणाली. त्यांनी दिवस सांगितलाच नव्हता.

उन्हाळ्यात तळावरची एक नवी मुलगी माझ्याकडे आली, तिचाही नवरा अंतराळ दलातला. तिचं लायसन्स आठवड्यात मंजूर झालं. मार्लाने तिला खुर्ची दाखवली, कात्र्यांना कुठे धार लावून मिळते ते सांगितलं, अगदी नीट वागली.

"इथे फार खटपट करावी लागते म्हणे?" पोरीने विचारलं.

"आता नाही."

मग मागच्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालताना ती मला म्हणाली, "मला आनंद व्हायला हवा, बेव्ह. होत नाहीये."

"नाही होत तर नको होऊ दे," मी म्हटलं.