शबनूरची कोरी वांगी

शिरोली एमआयडीसीतल्या लॅबमध्ये शबनूरचा दिवस मिक्सरच्या घरघरीनं सुरू व्हायचा. लोक भरल्या वांग्यासाठी मसाला वाटतात, ही बया आख्खं वांगंच वाटायची, तेही गोठवून! त्या लगद्यात रसायन ओतायचं, मीठ घालायचं, नळी गदागदा हलवायची, यंत्रात गरागरा फिरवायची आणि वर आलेला निवळ द्रव मोठ्या यंत्राला पाजायचा. भाजीवर फवारलेल्या औषधाचा अंश उरला असेल, तर पडद्यावरच्या रेघेला सुळका येतो. "आमच्या यंत्राचं नाक पोलिसांच्या कुत्र्यापेक्षा तिखट हाय," असं ती पावण्यारावळ्यांना ऐटीत सांगायची.

पण त्या नाकावर भरवसा ठेवायचा, तर औषध न लागलेली भाजीही त्याला हुंगवावी लागते. तिला लॅबमध्ये म्हणतात कोरा नमुना. त्याची रेघ सपाट आली, तरच बाकीच्यांचे निकाल खरे. आता बाजारात अशी भाजी शोधायची कुठं? शबनूर छातीठोकपणे म्हणाली होती, "सर, कळंब्याला आमच्या परसात अब्बांनी वांगी लावल्यात. औषधाचा थेंब न्हाय. जबान देते." लॅबप्रमुख विजयसिंह सरांनी ती जबान मानली, आणि तेव्हापासून तिच्या अब्बांची, बाबालाल टेलरची वांगी लॅबमध्ये मानानं येत होती.

आणि एका सोमवारी कोऱ्या नमुन्यानंच सुळका काढला. चांगला दणदणीत.

 शबनूरनं नळ्या घासल्या, रसायनाची नवी बाटली फोडली, पुन्हा वाटलं, पुन्हा हलवलं. सुळका जागचा हलेना! "शबनूर, हात नीट धुतले होतेस ना?" सर एवढंच म्हणाले, पण तिच्या जिव्हारी लागलं. दिवसाचे सगळे निकाल अडकले. हात चुकला म्हणावं तर कामावरचा विश्वास गेला, आणि वांगी चुकली म्हणावं तर दिलेली जबान गेली.

संध्याकाळी ती तरातरा घरी आली. बाबालाल शिलाई मशीनवर ब्लाउजला काजं करत बसला होता.

"अब्बा, खरं सांगा. वांग्यावर काय मारलंय का?"

"मारलंय की!" बाबालाल खुशीत म्हणाला. "अळी पडलेली. शेजारच्या आकारामचा पंप आणला आन् हाणलं औषध. बघ, कशी तुकतुकीत दिसत्यात!"

"या अल्ला! का ओ अब्बा?"

"का म्हंजे? एवढ्या मोठ्या लॅबात आपली वांगी जात्यात. किडकी गेली तर साहेब काय म्हणतील? तुझी मान खाली जाईल की, पोरी."

शबनूर कपाळाला हात लावून उंबऱ्यावरच बसली. राग आला होता, आणि हसूही येत होतं. यंत्राचं नाक तिनं गावभर मिरवलं, पण अब्बांना मात्र कधी काही समजावलं नव्हतं. नुसतं 'वांगी द्या' म्हणायची आणि पिशवी उचलायची.

"मग घरात आपण कुठली खातोय?"

"भिंतीकडच्या ओळीतली. त्यांना कशाला औषध वाया घालवायचं? भोकं असत्यात, तेवढं कापून टाकायचं. आपल्याला चालतंय की."

 शबनूरनं पिशवी घेतली आणि भिंतीकडची वांगी तोडली.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन थेट सरांसमोर उभी राहिली. "सर, हात स्वच्छ होते. जबान खोटी पडली," म्हणत तिनं सगळं सांगून टाकलं, अब्बांचं नावही लपवलं नाही. सरांनी ती भोकं पडलेली वांगी उलटीपालटी करून बघितली. "म्हणजे घरात तुम्ही ही खाता, आणि आम्हाला ती पाठवली?" त्यांना हसावं की काय करावं कळेना. "लाव यंत्राला."

दुपारी रेघ आली. सपाट, कळंब्याच्या तळ्यासारखी. शबनूरनं तिथंच डोळे पुसले आणि घरी फोन लावला. या वेळी मात्र तिनं यंत्राचं नाक अब्बांना पहिल्यापासून समजावून सांगितलं.

पुढच्या सोमवारी बाबालालनं भरून दिलेली पिशवी तिनं लॅबमध्ये उघडली. एकजात भोकाची वांगी, नीट निवडून घेतलेली. तेवढ्यात फोन वाजला.

"पोरी, पोचलीस? आत साक्षीला अळी हाय, जिती हाय का बघ. वाटेत खायला पाला टाकलाय तिला."