व्हर्सायचं पाणी आणि काकांचा फवारा

व्हर्साय बघायला मिळालं ते सरदारसाहेबांच्या पोटदुखीच्या कृपेनं. पॅरिसात आमचा मुक्काम पाच दिवसांचा. त्यातले चार दिवस मी टायपाच्या यंत्रावर त्यांची पत्रं बडवत होतो. माझी बोटं भराभर चालतात, म्हणून तर देवासहून मला लेखनिक म्हणून आणलं. पाचव्या दिवशी, रविवारी, साहेबांनी आदल्या दिवशीच्या लोण्यातल्या बटाट्यांना नावं ठेवत पांघरूण ओढलं आणि मला सुट्टी दिली. मी पागोटं बांधत बांधतच जिना उतरलो.

माझा जीव व्हर्सायमध्येच का अडकला होता, ते आधी सांगून टाकतो. माझे काका सरदारसाहेबांच्या बगीच्याचे दारोगा. बगीच्यात मधोमध फवारा (कारंजं) आहे. दोन बैल सकाळभर मोट ओढतात, विहिरीचं पाणी उंचावरच्या हौदात चढतं, मग काका लोखंडी चावी फिरवतात आणि जेमतेम अर्धी घटका पाणी उडतं. बस. आपल्या गावात दोन गाद्या, थोरली पाती नि धाकटी पाती. एका पातीच्या माणसाला दुसऱ्या पातीपुढे मान खाली घालावी लागणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी काय सांगणार! दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या पातीचे पाहुणे साहेबांच्या बगीच्यात यायचे होते. काकांना सडकेवर धूळ दिसली, त्यांनी चावी फिरवली. धूळ निघाली म्हशींची. पाहुणे पोचले तेव्हा फवाऱ्यातून नुसती हवा येत होती. एक पाहुणे म्हणाले, "काय दारोगासाहेब, फवाऱ्याची आज एकादशी वाटतं?" सगळे हसले. आमचे साहेबसुद्धा.

त्या दिवसापासून चावी खुंटीला आहे. काका बगीच्यात जातात, कलमं करतात, पण फवाऱ्याकडे पाठ करून. निघताना पाया पडलो तर एवढंच म्हणाले, "फ्रान्साच्या राजाचे फवारे मोठे म्हणतात. पाणी कुठून चढवतात तेवढं बघून ये."

मला फ्रेंच येत नाही. पण मोत्यांचा व्यापार करणारे रुस्तमजी नावाचे एक पारशी गृहस्थ साहेबांकडे येत-जात असत, ते बरोबर यायला तयार झाले. आगगाडीत त्यांनी मला हातभर लांब पाव घेऊन दिला. तो मी आईच्या लसणाच्या चटणीशी खाल्ला आणि समोरच्या बाईंनी हळूच खिडकी उघडली.

स्टेशनातून चालत गेलो, आणि समोर वाडा. वाडा कसला, गावच! देवासची टेकडी आडवी निजवली तरी उरेल एवढा रुंद. आत भिंतीभिंतीवर सोनं, छतावर ढग आणि देव. आरशांच्या दालनात तर मी खुळाच झालो. एका बाजूला सतरा खिडक्या, समोर सतरा आरशांच्या कमानी, आणि प्रत्येकीत पागोटंवाला मी. रुस्तमजी म्हणाले, "चाल नी डिकरा, सतरा पागोटी काय बघते, एकच तर हाय."

मग आली राजाची निजायची खोली. सोन्याचा कठडा, त्याच्या आत पलंग, जरीचे पडदे. आता आपल्याला काय सवय? दरबारात शिरताना जोडे दाराशी. माझे हात-पाय आपोआपच चालले. जोडे काढले, नुसत्या मोज्यांनी आत गेलो आणि कठड्यासमोर तीनदा वाकून मुजरा केला. रिकाम्या पलंगाला! मागं दोन पोरी फिस्सकन हसल्या. रुस्तमजींनी कपाळावर हात मारला. "अरे तुजा राजा तर कवाच मेला. बिछान्याला सलाम करते?"

लाजेनं कान तापले. वळलो तर दाराशी जोडे नाहीत. गर्दी पुढं सरकत होती आणि मेणानं घासलेल्या लाकडी जमिनीवर मी मोज्यांनी घसरत जोडे शोधत होतो. तेवढ्यात पाठीमागून एक म्हातारा पहारेकरी आला. पांढऱ्या मिशा, एक पाय ओढत चालणारा. त्याच्या हातात माझे जोडे, दोन्ही हातांत, नैवेद्याचं ताट धरावं तसे. तो काहीतरी बोलला आणि रुस्तमजींचा चेहराच बदलला. म्हणाले, "हा सांगते, पूर्वी इथे असाच रिवाज होता. राजा नसला तरी पलंगाला वाकायचा. त्याच्या नोकरीत असा वाकणारा माणूस तू पैलाच."

म्हातारा माझ्यापुढे किंचित वाकला. मी परत वाकलो. दोस्ती झाली! त्याची पाळी दुपारी संपायची होती. तो म्हणाला, थांबा, आज रविवारचा ग्रांद्‌झो (थोरलं पाणी, म्हणजे सगळे फवारे एकदम) आहे, मी दाखवतो. या माणसानं उभा जन्म फोंतनिये (कारंजेवाला) म्हणून काढला होता. पाण्यात उभं राहून राहून गुडघे गेले, तेव्हा त्याला आत पहाऱ्यावर बसवला. म्हणजे काकांच्याच धंद्यातला माणूस!

बाग सांगू कशी? झाडं न्हाव्याकडून हजामत करवून घेतल्यासारखी, एक पान इकडंतिकडं नाही. नारिंगाची झाडं लाकडी पेट्यांत, थंडी पडली की पेटीसकट घरात नेतात. लांबच लांब पाण्याच्या पाटाच्या तोंडाशी सूर्यदेवाचा रथ पाण्यातून वर येतोय, पण घोडे चारच. आपल्याकडे सात असतात असं मी म्हणालो, तर म्हातारा म्हणाला, तीन पाण्याखाली असतील. मी त्याला गूळपापडी दिली. त्यानं ती डोळे मिटून खाल्ली.

मग सगळं एकदम सुरू झालं. बेडकांच्या तोंडातून, माशांच्या, घोड्यांच्या नाकातून, सगळीकडून पाणी! लोक टाळ्या वाजवत होते, पोरं भिजत होती, रुस्तमजींची टोपी भिजली. मी वेड्यासारखा हसत होतो. आणि हसता हसता काकांची आठवण आली आणि विचारलं, पाणी कुठून चढवतात?

म्हाताऱ्यानं पलीकडं बोट केलं. दूर नदीवर मोठमोठी चाकं बसवून पाणी डोंगर चढवलं होतं, तरी कधी पुरलं नाही. आजही साठवलेलं पाणी थोडाच वेळ पुरतं; सगळे फवारे दिवसभर चालू ठेवायला तर राजापाशीसुद्धा पाणी नव्हतं! मग त्यांनी काय केलं, ऐका. झाडीआड माणसं उभी करायची. राजा वळणावर दिसला की पहिल्यानं शिट्टी द्यायची, पुढच्यानं चावी फिरवायची. राजा पुढं गेला की मागचं बंद. राजाला वाटायचं, सगळी बाग वाहते आहे.

मी म्हणालो, आमच्याकडे शिट्टी नव्हती, धूळ होती. आणि तिथंच, त्या ओल्या कठड्यावर बसून मी सगळं सांगितलं. म्हशी, एकादशी, खुंटीवरची चावी. रुस्तमजी एकेक वाक्य फ्रेंचमध्ये सांगत होते. म्हातारा हसला नाही. म्हणाला, माझ्याकडूनही झालं होतं. परदेशातला एक राजा आला होता, मी लवकर उघडलं, तो पोचेपर्यंत बेडकांच्या तोंडातून लाळ गळत होती.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

रुस्तमजींनी विचारलं, आणि म्हाताऱ्यानं उत्तर दिलं. मग रुस्तमजी अगदी सावकाश म्हणाले, "टोपी काढून उभा राहिला. मग दुसऱ्या रविवारी परत उघडला."

निघताना त्यानं खिशातून पितळेची शिट्टी काढून माझ्या हातात ठेवली. माझे जोडे ज्या हातांनी धरले होते, त्याच हातांनी.

पुढे विलायत झाली, परतीची बोट, मुंबई, उज्जैन, सगळं झालं. त्याचं परत कधी सांगीन, नाहीतर नाहीच सांगणार. घरी पोचलो त्या शुक्रवारी काकांपुढं शिट्टी ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी आरशांचं विचारलं नाही, सोन्याचं नाही. फक्त एवढंच, "मग त्यानं दुसऱ्या रविवारी उघडलं?"

"हो."

"हसले नसतील लोक?"

"ते मी विचारलं नाही, काका."

ते उठून आत गेले.

रविवारी सकाळी मोटेच्या चाकाच्या करकरीनं मला जाग आली. धावतच बगीच्यात गेलो तर फवाऱ्याचं टाकं पाचोळा काढून धुतलेलं, आणि काका चावीला तेल लावत होते. शिट्टी माझ्या हातात देऊन म्हणाले, "फाटकाशी उभा राहा. पाहुणा दिसला की वाजव. धूळ बघू नकोस, माणूस बघ."

मी म्हटलं, पाहुणा कोण? त्यांनी फक्त फाटकाकडे बोट केलं.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा वळणावरून काकू आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तो फवारा उडताना पाहिलाच नव्हता, तो नेहमी पाहुण्यांसाठी उडायचा. काकांनी निरोप धाडून बोलावलं होतं, कशाला ते न सांगता. मी शिट्टी फुंकली. पाणी उडालं, पुरुषभर उंच, आणि काकू जागच्या जागी थांबल्या.

"एवढ्यासाठी बैल दमवलेत होय?" त्या म्हणाल्या.

पण शेवटचा थेंब पडेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. व्हर्सायला टाळ्या वाजवणारे हजारो लोक होते. इथं आम्ही तिघं आणि दोन बैल. पण मला विचाराल तर थोरलं पाणी मी त्या दिवशी पाहिलं. काकांनी टोपी काढून हातात धरली होती. पाणी संपल्यावर ती डोक्यावर ठेवली आणि मला म्हणाले, "पुढच्या रविवारी तुझ्या आईला आण."