काजमावशीचं वाकणं

आमच्या शर्टांच्या कारखान्यात सगळे तिला काजमावशी म्हणत. बटण ज्या फटीतून जातं ते काज. ते पाडायच्या मशीनवर ती चोवीस वर्षं बसली. उजवा पाय मशीन चालवायच्या पायट्यावर, मान डावीकडे कललेली, खांदा एका बाजूला उतरलेला. रस्त्यानं चालतानासुद्धा कुणीतरी तिच्या कानात काही सांगतंय आणि ती ऐकून घेतेय असं वाटायचं. माझं कॉलरचं मशीन तिच्या शेजारी. अकरा वर्षं मी तिचा तो उतरलेला खांदा बघत काम केलं.

ती कारखान्याच्या खोलीत राहायची, तिची मुलगी आणि ती. मुलीला सगळे बेबी म्हणायचे. वय अठ्ठावीस, पण समज सहा-सात वर्षांच्या पोरीची. नवरा मुलगी तीन वर्षांची असतानाच निघून गेला होता. खोलीचा नियम साधा होता. मशीनवर नाव आहे तोवर खोली. नाव गेलं की दोन महिन्यांत कुलूप. मावशीला स्वतःचं फारसं भय नव्हतं. "मी कुठंही पडून राहीन गं, पण हिला कोण ठेवून घेईल?" एवढंच ती म्हणायची.

गेल्या वर्षी कारखान्यात योगाचा वर्ग सुरू झाला. कामाच्या आधी अर्धा तास, माल ठेवायच्या हॉलमध्ये, सतरंज्या टाकून. शिकवायला तिशीतल्या एक बाई आल्या. आवाज मऊ, बोलणं सावकाश. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "कामाचा ताण मनावर येतो तसा अंगावरही येतो. अंग मोकळं झालं की मनही मोकळं होतं. आधी मला सांगा, कुणाकुणाला पाठ, मान, कंबर दुखते? हात वर करा."

आमच्या रांगेत बावीस बायका. एकीचाही हात वर गेला नाही.

"कुणालाच नाही?" बाईंना खरंच आश्चर्य वाटलं.

"आमची हाडं लोखंडाची आहेत, बाई," मागून कुणीतरी बोललं. सगळ्या हसल्या. मीही हसले. माझी मान चार वर्षांपासून दुखतेय.

आम्ही खोटं का बोललो ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी अशीच एक डोळे तपासणारी गाडी आली होती. ज्यांना खालच्या ओळी वाचता आल्या नाहीत त्यांना आधी धागे कापायला बसवलं आणि सहा महिन्यांत घरी पाठवलं. त्या वेळी काजमावशी पहिल्या पाचांत आत गेली, तक्त्यावरची शेवटची ओळ पाठ करून आली आणि येताना कुजबुजत रांगेत पुढं पोचवली. निम्मी रांग तिच्या पाठांतरावर तरली. तेव्हापासून तपासणी म्हटलं की आम्हाला घरी पाठवणंच दिसायचं. आणि योगाच्या बाईंच्या हातात वही होती, शेजारी सुपरवायझर उभा होता.

"महिनाअखेरीला मी एकेकीला वेगळं बघणार आहे, मग अहवाल देईन," बाई म्हणाल्या. झालं. आमच्यासाठी ती परीक्षाच ठरली.

चहाच्या सुट्टीत मावशी मला म्हणाली, "हे पाठ करता येत नाही गं. अंग दुसऱ्याकडून मागून घेता येत नाही."

पाय पसरून बसायचं आणि पुढं वाकून कपाळ गुडघ्याला टेकवायचं, ते तिला जमत नव्हतं. बोटं घोट्यापर्यंतसुद्धा जात नव्हती. बाई रोज सांगायच्या, "जिथं दुखायला लागेल तिथं थांबा. इथं कुणी पहिलं-दुसरं येणार नाही." मावशी मान डोलवायची आणि घरी जाऊन दुप्पट करायची.

माझी खोली दोन दारं सोडून. सकाळी देवापुढं दिवा लावून मी तिच्याकडं जायची. तिनं पलंग भिंतीला सरकवून गोधडी अंथरलेली असायची. बेबी खिडकीशी बसून बघायची. एकदा ती उठली, आईशेजारी पाय पसरून बसली आणि सहज वाकून तिनं नाक गुडघ्याला लावलं. मग टाळ्या वाजवून म्हणाली, "आई, वाक ना! सोप्पंय!"

"हो बाई, माझ्याच जागी तुझं नाव लाव आता," मावशी म्हणाली. आम्ही तिघी खूप हसलो.

खोटं कशाला सांगू, पहिले पंधरा दिवस तिला बरंही वाटत होतं. शेवटी डोळे मिटून निजायचं असतं, श्वासाकडं लक्ष देत. त्या दहा मिनिटांत तिचा चेहरा असा सैल व्हायचा की मला तो ओळखू यायचा नाही. एकदा म्हणाली, "आज श्वास मोजताना खोलीचा विचारच आला नाही. कितीतरी वर्षांनी." तिनं तेवढंच केलं असतं तर!

महिना संपायला आठ दिवस उरले तेव्हा बोटं अंगठ्यापर्यंत आली होती, कपाळ मात्र वीतभर लांबच. त्या सकाळी ती म्हणाली, "तू मागून दाब जरा."

"मावशी, बाईंनी नको म्हटलंय."

"बाईंना खोली सोडावी लागणार नाहीये. दाब."

मी दोन्ही तळवे तिच्या पाठीवर ठेवले आणि दाबलं. अजून, ती म्हणाली. मी अंगाचा भार टाकला. कपाळ टेकलं. "लागलं!" ती ओरडली, आणि बेबीनं टाळ्या वाजवल्या. मावशी तशीच वाकलेली राहिली. मला वाटलं, आनंदानं. मग हळूच म्हणाली, "मला वर घे. माझं मला उठता येत नाहीये."

डॉक्टरकडं जायला तिनं साफ नकार दिला. कंबरेला ओढणी आवळून बांधली आणि कामावर आली. वर्गात मागं बसली. दोन दिवस कुणाला पत्ता लागू दिला नाही. मला शपथ घातली होती, म्हणून मी गप्प. आज वाटतं, ती शपथ मी मोडली असती तर देवानं मला नक्की माफ केलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तपासणीच्या टेबलावरून शर्टांचा गठ्ठा परत आला. काजं पट्टी सोडून भलतीकडं पडलेली, काही एकावर एक. पायटा दाबला की मशीनची सुरी खाली येते, आणि मावशीच्या उजव्या पायाला आपण पायटा दाबतोय की नाही हेच कळत नव्हतं. सुपरवायझर म्हणाला, "मावशी, उठा बघू." तिनं टेबलाला धरलं. उठली नाही. चोवीस वर्षांत तिचं एक काज इकडचं तिकडं झालं नव्हतं. ती त्या शर्टांकडं बघून रडली, पायासाठी नाही.

पाठीच्या मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली होती. ऑपरेशन झालं. पावलात जीव आला नाही.

योगाच्या बाई दवाखान्यात आल्या. मी तिथंच होते. त्या मावशीचा हात धरून बसल्या आणि म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी दुखणं विचारलं ते कशासाठी? कुठल्या रांगेत खुर्च्या बदलायच्या, टेबलं उंच करायची, ते मला लिहून द्यायचं होतं. पॅकिंगमधल्या अकरा जणींनी हात वर केले. त्यांच्या खुर्च्या आल्यासुद्धा. तुमच्या रांगेपुढं मी लिहिलं, त्रास नाही."

पॅकिंगमधल्या पोरी नव्या होत्या. डोळ्यांची गाडी त्यांनी पाहिली नव्हती.

बाई गेल्यावर मी मावशीचे पाय धरले. "दाबलं मी," म्हटलं. ती म्हणाली, "दाब म्हटलं कुणी? सोड आता. बेबी जेवली का ते बघ."

मशीनवरचं नाव गेलं. दोन महिन्यांनी खोलीला कुलूप लागलं. तिच्या भावानं घरामागची सामान ठेवायची खोली रिकामी करून दिली. भावजय तोंडावर वाईट बोलत नाही, पण बेबीला पुढच्या घरात येऊ देत नाही.

मी रविवारी जाते. मावशी पलंगावर उताणी, बेबी खाली सतरंजीवर. तिघी डोळे मिटून श्वास मोजतो. तेवढं तिनं सोडलेलं नाही. बेबीला बाराच्या पुढं मोजता येत नाही, म्हणून आम्हीही बारापर्यंतच मोजतो आणि पुन्हा एकपासून सुरू करतो. माझा देवावर विश्वास आहे, तरी त्या खोलीत मला मागणं सुचत नाही. नुसते हात जोडते.

गेल्या महिन्यात बाईंनी वर्गात पुन्हा विचारलं, कुणाला काही दुखतं का. मी हात वर केला. सुपरवायझरनं माझ्याकडं पाहिलं, आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या कुणाचाच हात वर गेला नाही.

त्या रविवारी मावशीला सांगितलं.

"मग? काय म्हणाल्या?"

"खुर्ची येईल म्हणाल्या. सुपरवायझरनं मात्र वहीत काहीतरी लिहून घेतलं."

ती म्हणाली, "माझ्या मशीनवर कोण बसतं आता?"

"नवीन आहे एक. विशीतली."

"मान कुठं ठेवते?"

मी आठवून पाहिलं. "डावीकडं," म्हटलं.