बेसच्या प्लेटीवरचं नाव

नवरा हाय म्हनून नाई, पन आमच्या माणिकरावासारखा गप मानूस पुऱ्या मंगरूळ तालुक्यात भेटाचा नाई. लोक माणिकराव म्हनतात, माह्यासाठी तो बुढाच. भाजी खारट झाली तरी जेवते, अळनी झाली तरी जेवते. इचारलं तं म्हनते, "बरी हाय चंपा."

वाद्य बी त्यानं तसंच धरलं. भीमजयंतीच्या गायन पार्टीत जवानीपासून बेस गिटार वाजवली. चार जाड्या तारा, आन आवाज असा का पोटात घुमते, पन कानाले लवकर समजत नाई. लोक टिंगल करत, "माणिकराव, तुमची मशीन बंद हाय का जी?" कार्यक्रम सरला का स्टेजवरून नावं घेतले जात. गायक, ढोलकीवाला, बँजोवाला, आमी कोरसवाल्या बाया. मंडपवाल्याचं बी नाव घेत. बुढ्याचंच राहून जाये. मी त्या माईकवाल्यासंगं तंडली, एकदा तं त्याच्या हातातला माईक ओढला. बुढा मलेच म्हने, "कायले भांडतं वं? त्याच्या ध्यानात नसन राह्यलं."

ती गिटार त्यानं अकोल्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून घेतली व्हती. जपानी बनावटीची, तवाच जुनी व्हती. जिथं जिथं हात घासे तिथला रंग उडून लाकूड उघडं पडलं. पेच तेच, बटनं तेच, काहीच बदललं नाई कधी. आता बोटं आखडले, तवापासून ती खाटेखाली पडून राह्यली.

अशात आमची एकुलती एक पोरगी नीलिमा सासरहून निंघून आली. जवाई हात उचलते. किती दिवस सोसाव तिनं? शिलाई मशीन तेवढी ऑटोत टाकून आनली. पन बाप्पा, पोरगी बापाच्या घरी बसली का लोकाइच्याच पोटात दुखते. भावकीतले मोठे मानसं म्हनाले, समजूत काढा आन पाठवून द्या. नीलिमा म्हने, शेलूबाजारात एक गाळा खाली हाय, तिथं फॉल-पिकोचं दुकान टाकतो. चार पैसे कमावतानी दिसली तं मले कोनी 'जाय' म्हनार नाई. गाळा चांगला व्हता, रोडले लागून. मालकाले डिपॉझिट पायजे व्हतं, तेवढं आमच्यापाशी नवतं. बुढा उठला आन त्यानं खाटेखालून गिटार काढली. आमी समजलो, इकाची हाय.

माह्या भाच्याच्या ओळखीचा प्रसेनजित नावाचा पोट्टा नागपूरले राह्यते, जुने वाद्य घेते आन इकते. त्यानं मोबाईलवर गिटार पाह्यली आन हरखूनच गेला. म्हने, "काका, जशी हाय तशीच राहू द्या. रंग मारू नका, तारा बदलू नका, धूळ बी पुसू नका. अशी घासलेली, पन समदी ओरिजनल, आजकाल भेटत नाई." त्यानं जो भाव सांगितला, त्यात डिपॉझिट निंघून पिकोची मशीन बी येत व्हती. नीलिमा कितीक दिवसानं हासली.

मंग काय, बुढा गिटारीचा पहारेकरी झाला. गिटार पाहाले पावना येनार म्हनून मी फडकं घेऊन गेली, तं खेकसला, "हात लावू नको!" म्या म्हनलं, "अवो, जल्मात एवढ्या मोठ्यानं बोलले नाई तुमी, आन बोलले तं धुळीसाठी?" प्रसेनजित येनार त्याच्या आदल्या दिवशी, काम हाय म्हनून बुढा मंगरूळले गेला. संध्याकाळी आला तं गुनगुनत आला. आमाले वाटलं, पोरीचं काम होते म्हनून खूश हाय.

प्रसेनजित आला. पोहे तसेच ठेवून त्यानं गिटार मांडीवर घेतली. रंग उडाल्या जागेवरून असा हात फिरवे का पोटच्या लेकराले कुरवाळून राह्यला. मंग त्यानं ती पालथी केली. मानेच्या जोडावर मागून एक स्टीलची प्लेट असते, चार पेचाइनं बसवलेली. ती पाह्यली आन त्याचं तोंडच उतरलं.

"काका, हे काय केलं?"

प्लेटीवर नवंकोरं नाव चमकत व्हतं. माणिकराव सोनाजी खंडारे, बेसवाले.

आता आपल्याकडे साधी वाटी बी कोनाले द्याची असली, तं भांड्याच्या दुकानातून मशीननं नाव टाकून देतात. बुढ्यानं तेच केलं व्हतं. म्हने, "पुसू नका म्हनलं, म्हनून मी लाकडाले हात बी नाई लावला. नुसती मागची प्लेट काढून नेली. कंपनीचा जुना नंबर मधात येत व्हता, दुकानवाला म्हने घासून घेऊ का? म्या म्हनलं घास. तिथं कोनाले दिसते?"

"काका, त्या नंबरावरूनच तं गिटारीचं साल समजत व्हतं. आता मी गिऱ्हाइकाले काय दाखवू?" पोट्टा वाईट नवता, त्याचा आवाज बी पडला. पन भाव अर्ध्याच्या खाली आला. आन ही नावाची प्लेट चालनार नाई, कुठून तरी दुसरी पाहून लावा लागन, म्हने.

माह्या डोक्यात आग शिरली. "अवो, अक्कल गहान ठेवली का तुमी? पोरीच्या जिवाशी खेळ केला! नाव पायजे व्हतं तं घराच्या भिताडावर लेहाचं व्हतं!" बोलत सुटली मी, पावन्यासमोर, लाजशरम सोडून.

बुढा खाली पाहूनच म्हनला, "जाते तं जाऊ दे, पन कोन वाजवत व्हतं, एवढं तं पुढच्याले समजन, असं वाटलं मले."

राग तं व्हताच, पन रडू बी आलं.

प्रसेनजित म्हने, "एक होऊ शकते काका. मी ही इकत नाई, माह्याजवळच ठेवतो. तुमचं नाव बी राहीन. पन मंग पैसे आनखी कमी देता येतीन."

नीलिमा म्हनली, "राहू द्या बाबा नाव. माहं पाहून घेतो मी."

बुढ्यानं तिच्याकडे पाह्यलं. तिच्याच शिलाई मशीनच्या डब्यातून पेचकस काढला आन आपल्या हातानं चारी पेच सोडले. आखडल्या बोटात पेचकस घसरे. प्रसेनजित मदतीले सरकला, तं त्याले हातानंच थांबवलं. प्लेट खिशात टाकली आन म्हनला, "ने आता."

आलेल्या पैशात गाळा बसला नाई. दुसऱ्यानं घेतला, तिथं मोबाईलचं दुकान झालं.

खबर जाले कितीक वेळ लागते? आईतवारी जवाई जीप घेऊन दारात हजर, संगं त्याचा काका रामधन आन आमच्या भावकीतले दोघं. खुर्च्या टाकल्या, चहा ठेवला. रामधन म्हने, "गाळा तं भेटला नाई म्हनतात. मंग पोरीचं सामान बांधा, झालं गेलं इसरा." भावकीवाले माना डोलवून राह्यले. नीलिमा दाराआड उभी व्हती, पदराचं टोक दातात धरून. मी बुढ्याकडे पाह्यलं. मले वाटलं, आता हा 'बरं हाय' म्हनते.

बुढा उठून उभा राह्यला.

"पोरगी येनार नाई," तो म्हनला. "आन लगनात म्या जे भांडे देले, ते पाठवून द्या. हंड्यापासून चमच्यापर्यंत समद्यावर माहं नाव हाय."