टेलरताईंची दहावी

“म्हणजे किती इंच, मॅडम?”

इंग्रजी शब्दाला इंच विचारणारी विद्यार्थिनी मला सगळ्या नोकरीत एकच भेटली. केडगावात आमच्या घराला लागूनच त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. कॉलनीत त्यांना सगळे टेलरताई म्हणत. वय चाळिशीचं, गळ्यात टेप आणि ओठांत दोन-चार टाचण्या. टाचण्या धरूनही त्या स्वच्छ बोलत. आमच्या वर्गातली मुलं रिकाम्या तोंडानं पुटपुटत.

एका दुपारी गिऱ्हाईक नाही असं बघून त्यांनी मला आत बोलावलं, पडदा ओढला आणि हळूच म्हणाल्या, “मॅडम, मी दहावी नापास हाय.”

एवढ्यासाठी पडदा कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण त्यांच्या सासूबाई दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या प्रत्येकाला, पाणी विचारायच्या आधी, सांगत, “माझी सून दहावी पास हाय बरं का!” लग्न ठरवताना ताईंच्या वडिलांनी श्रीगोंद्याच्या मंडळींपुढे तसं ठोकून दिलं होतं. प्रत्यक्षात इंग्रजीत दांडी उडालेली. त्या थापेवर बावीस वर्षांचा संसार झाला.

“मालकांना पहिल्याच वर्षी सांगितलं. ते हसले न् इसरले,” ताई म्हणाल्या. “पन आत्याबाईंना सांगायची छाती झाली न्हाई. त्या लोकांना सांगत्यात, आन मी मान खाली घालून शिवत ऱ्हाते.”

म्हणून त्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म गुपचूप भरला होता. सासूबाई ऐंशीच्या घरात. त्या आहेत तोवर हे खोटं खरं करायचं, एवढाच ध्यास. बाकीचे विषय निभावतील असं त्यांना वाटत होतं. धास्ती होती ती इंग्रजीचीच.

मी त्यांना नेहमीची विशेषणं काढून दिली आणि प्रत्येकापुढे त्याच अर्थाचे चार-पाच शब्द. ‘बिग’पुढे लार्ज, ह्यूज, एनॉर्मस. त्यांनी यादी बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“सगळ्यांचा अर्थ मोठा?”

“हो.”

“असं कसं? माझ्याकडं एक बाई म्हनती ब्लाऊज सैल झाला, मी अर्धा इंच घेते. दुसरी म्हनती ढगळ झाला, एक इंच घेते. झोळ म्हनली, की उसवूनच काढते. लार्ज म्हणजे किती इंच, मॅडम?”

मी वीस-बावीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. समानार्थी शब्द पाठ करा, एवढंच सांगत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा विचार करावा लागला. लार्ज अर्धा इंच, ह्यूज दोन इंच, आणि एनॉर्मस म्हणजे आणलेलं कापड पुरणार नाही, असं आमचं ठरलं. खरं सांगते, पुढे वर्गातही मी असंच शिकवायला लागले.

पाठांतराची त्यांची रीतही न्यारीच होती. वही उघडली तर सासूबाई विचारणार. म्हणून कापड बेतलं की त्याच्या उलट्या बाजूला खडूनं शब्द लिहायचे आणि तो कपडा शिवून होईस्तोवर घोकायचे. पहिल्या धुण्यात खडू जायचा. कॉलनीतल्या कितीतरी बायका त्या वर्षी पाठीवर इंग्रजी घेऊन हिंडल्या असतील, देव जाणे.

पण एकदा खडू संपला. ताईंनी बॉलपेन घेतलं. नेमका शब्द होता ‘फॅट’, आणि नेमकं अस्तर होतं कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या काकूंचं. काकू अंगानं चांगल्याच भरलेल्या, आणि त्यांची नात इंग्रजी शाळेत.

मी तेव्हा दुकानातच होते. काकू तणतणत आल्या, ब्लाऊज उलटा करून सासूबाईंच्या पुढ्यात धरला. “स्टाऊट, प्लम्प, बल्की! सगळ्याचा अर्थ जाडी! नातीनं वाचून दाखवलं मला. काय हो, ही तुमच्या सुनेची थट्टा?”

सासूबाईंना एक अक्षर वाचता येत नव्हतं. तरी त्या मान ताठ करून म्हणाल्या, “दहावी पास हाय ती. इंग्रजीत लिव्हलं आसंल काय तरी.”

टेलरताई मशीनवरून उठल्या. टाचण्या एकेक करून छोट्या उशीत खोचल्या. मला वाटलं, काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. त्या खाली बसल्या आणि त्यांनी सासूबाईंचे पाय धरले.

“आत्याबाई, मी दहावी पास न्हाई. इंग्रजीत नापास झाल्ते. आता परीक्षेला बसलेय, त्येचे शब्द हायेत ते. काकूंना नावं ठेवली न्हाईत. माझं चुकलं.”

काकूंनी धरलेला ब्लाऊज खाली घेतला.

“मला ठावं हाय,” सासूबाई म्हणाल्या.

ताईंनी वर बघितलं.

“गावात बालवाडीची जागा निघाली हुती. दहावीवालीला घेनार हुते. तू म्हनलीस, मला न्हाई करायची नोकरी. आन चुलीम्होरं बसून रडलीस. तवाच कळलं मला.”

“मग गावभर का सांगत होता?” ताईंनी विचारलं.

“येवढ्या मोठ्यानं सांगितलं म्हनून तर कुनी तुला कागद मागितला न्हाई, पोरी.”

मला तिथं उभं राहवेना. मी घरी आले. काकूंनी तो ब्लाऊज तसाच घरी नेला. परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी त्यांची नात ताईंची उजळणी घ्यायला येत होती. पडद्याची गरज उरली नव्हती. सासूबाई मध्येच दटावायच्या, “नीट इचार गं, सोपं सोपं नगं इचारू.”

ताई पास झाल्या. इंग्रजीत काठावर, पण पास. कॉलनीत पेढे मी वाटले, कारण ताईंना लाज वाटत होती.

त्यानंतर वर्षभरात सासूबाईंनी गावाकडं जायचा हट्ट धरला आणि सगळेच श्रीगोंद्याला निघाले. आता त्या गाळ्यात मोबाईलचं दुकान आहे. मला अजून त्याची सवय झालेली नाही. काही उसवलं की मी आपली तिकडेच वळते.

निघायच्या दिवशी टेम्पो भरला होता. सासूबाई पुढं बसल्या होत्या. काकू निरोपाला आल्या आणि हसून म्हणाल्या, “आजी, आता गावात सगळ्यांना सांगा हं, सून दहावी पास आहे म्हणून.”

म्हातारीनं ताईंना हाताला धरून आपल्या शेजारी ओढून घेतलं.

“आता मी कशाला सांगू?” ती म्हणाली. “आता कागद हाय तिच्याकडं. कुनी इचारलं तर ती सांगंल.”